गूळ कोणी खाल्ला

१६ नोव्हेंबर, रविवार

ही डायरी कळंबच्या कृषी केंद्रवाल्याने बाबांना दिली आणि बाबांनी ती माझ्याकडे ढकलली. जानेवारी ते ऑक्टोबर कोरी आहे. प्रत्येक पानाच्या तळाशी शेतकऱ्यांसाठी एक सल्ला छापलाय. आजचा सल्ला गुलाबी बोंडअळीबद्दल आहे. मला लागू पडेल असा सल्ला यात कुठेच नसणार, म्हणून स्वतःच लिहायला बसलो.

काल प्राचार्यांनी बोलावलं. दिग्रसजवळच्या या ज्युनियर कॉलेजात मी तासिका तत्त्वावर इंग्रजी शिकवतो. तासिका तत्त्वावर म्हणजे तास घेतला तर पगार, नाही घेतला तर राम राम. ते म्हणाले, "रजत सर, तुमचं ग्रामर चांगलं आहे. पण पोरं पास होत नाहीत." गेल्या वर्षी बारावीचा इंग्रजीचा निकाल पार बुडाला. यंदाही बुडाला तर पुढच्या जूनमध्ये माझ्या खुर्चीवर दुसरा बसेल. एवढं सगळं त्यांनी चहा पाजून सांगितलं.

नापास झालेली बरीच पोरं जवळच्या बंजारा तांड्यावरची आहेत. संध्याकाळची बस गाठायची म्हणून ती शेवटचे दोन तास बसतच नाहीत, आणि शेवटचे दोन तास माझेच असतात. म्हणून ठरवलं, मीच तांड्यावर जायचं. सोमवार, बुधवार, शुक्रवार संध्याकाळी, सेवालाल महाराजांच्या मंदिराशेजारच्या सभागृहात. फी नाही.

बाबांना फोन केला. ते म्हणाले, "फुकट शिकवाचं असन त घरी ये. तुरीले पानी देनं बी फुकटच हाये."

१९ नोव्हेंबर, बुधवार

पहिला वर्ग झाला. यादीतली निम्मी पोरं नाहीत, आईबापांबरोबर ऊसतोडीला गेलीत. जी होती ती कापूस वेचून थेट आलेली. बोटांना बोंडाचे ओरखडे आणि पेनाची टोपणं दातात.

पॅसिव्ह व्हॉइस घेतला. पुस्तकातली वाक्यं सोडून दिली आणि फळ्यावर लिहिलं, फुलचंद पिक्स कॉटन. याचं करा. सुनील नावाचा एक बडबड्या आहे, तो म्हणाला, "सर, वाक्यच चुकलं. फुलचंद कुठं कापूस वेचते? त्याची याडी वेचते, हा धुऱ्यावर मोबाईल पाह्यते." याडी म्हणजे आई, हे मला आता कळतं. वर्ग हसला, फुलचंदही हसला. मग कापूस फुलचंदच्या याडीकडून वेचला गेला आणि सगळ्यांना तो बरोबर वेचता आला.

पुढच्या रांगेत जमनी म्हणून एक मुलगी बसते. कमी बोलते. पण वाक्य फळ्यावर पूर्ण व्हायच्या आत तिच्या वहीत उत्तर असतं. तिची आजी रुपीबाई भिंतीला टेकून सूप घेऊन बसते. तूर पाखडते आणि नातीवर लक्ष ठेवते. सुपाचा आवाज माझ्या व्याकरणाच्या मध्ये मध्ये येतो, पण म्हातारीला कोण सांगणार.

परत येताना गाडीवर चक्क गाणं म्हणत होतो.

२४ नोव्हेंबर, सोमवार

व्याकरण चालेल. साहित्यात मात्र आनंद आहे. गोष्ट असो की कविता, सगळ्यांचं उत्तर एकच: ही एक अतिशय सुंदर रचना आहे, लेखक फार महान आहे, यातून आपल्याला बोध मिळतो. एकाने तर जाहिरात लिहा या प्रश्नालाही हेच लिहिलं होतं.

आज होडीवाल्याचा धडा घेतला. थंड मुलखातली रुंद नदी. थॉमस होडीवाला. त्याची मुलगी मार्था, पलीकडच्या काठावरच्या शाळेत तिला जायचंय. पण थॉमसने गिरणीवाल्याशी हात मिळवून तिचं लग्न ठरवलंय. एक दिवस सकाळी मार्था स्वतःच होडी वल्हवत पलीकडे जाते. बाप या काठावरून तिला हाका मारतो आणि धडा तिथेच संपतो. ती परत येते की नाही, लेखक सांगत नाही. प्रश्न असा आहे, की बरोबर कोण.

मी गाईडमधला बोध लिहून दिला: दिलेला शब्द पाळावा. पोरांनी उतरवून घेतला.

जमनीने हात वर केला. "सर, थॉमसनं शब्द देल्ला तवा गूळ वाटला होता का?"

मी म्हणालो, त्या मुलखात गूळ नसतो. मला वाटलं वर्ग हसेल. कोणी हसलं नाही. मग सुनीलने मला समजावलं, म्हणजे मीच विद्यार्थी. तांड्यात सोयरीक पक्की होते ती नायकासमोर, म्हणजे तांड्याच्या प्रमुखासमोर, आणि पंचांसमोर गूळ वाटून. तो खाल्ला की झालं. त्याच्या आधी नुसतं बोलणं.

"मंग थॉमसचा शब्द पक्का होता का कच्चा?" जमनीने परत विचारलं. मी सांगितलं, परीक्षेत हे विचारत नाहीत.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

आज जमनी आली नाही. सुनील म्हणाला, तिला स्थळ आलंय. उमरखेडकडचं, मुलाचं नाव इंद्रजीत, पुण्यात कंपनीत आहे. तिच्या बापाने, धावजीने, कुठल्याशा लग्नात चहा पिता पिता शब्द दिला. जानेवारीत गूळ वाटणार आणि माघात लग्न. इंग्रजीचा पेपर आहे दहा फेब्रुवारीला, म्हणजे पेपराच्या आधी लग्न.

खोटं कशाला लिहू, आधी निकाल आठवला. या वर्गात नक्की पास होणारी ती एकच. पोरीची आठवण नंतर झाली, पण झाली. तिला नर्सिंग करायचंय, हे तिने निबंधात लिहिलं होतं, आणि त्या निबंधात एकही चूक नव्हती.

वर्ग सुटल्यावर धावजीच्या घरी गेलो. मोठा समजूतदार माणूस. खाट टाकली, चहा केला. मी शिक्षणाचं महत्त्व या विषयावर बराच वेळ बोललो. तो शेवटपर्यंत ऐकत होता. मग म्हणाला, "सर, मानसं चांगले हायेत. पोरगा दारू पीत नाई. मी शब्द देल्ला. अन् शिकनं काय, थे लगनानंतर बी होते. कोन नाई म्हनते?"

पोराविषयी वाईट बोलायला काही नव्हतंच. उठलो तर जमनी दारात उभी. म्हणाली, "सर, थॉमसचा धडा परत घेता का? समजला नाई."

मला रागच आला. इथे आयुष्याचा प्रश्न, आणि हिला धड्याची पडलीय. तरी घेतो म्हटलं.

१ डिसेंबर, सोमवार

आजचा दिवस बरा गेला. धडा नाटकासारखा घेतला. म्हणजे नसाब बसवली. नसाब म्हणजे तांड्याची न्यायसभा, नायक तिथे बसून तंटे सोडवतो. कल्पना तशी जमनीची, पण बी.एड.ला आम्हाला भूमिका देऊन शिकवायला सांगितलं होतंच, तेव्हा माझीही म्हणायला हरकत नाही. सुनील नायक झाला, डोक्याला दुपट्टा गुंडाळला. एक गट थॉमसचा, एक मार्थाचा. नियम एकच, बोलायचं ते धड्यात दाखवायचं.

आणि काय सांगू, पोरांनी पुस्तक उघडलं. मी न सांगता. फुलचंद बोट ठेवून ओळ शोधत होता, मार्थाने बापाला शाळेचं कधी सांगितलं होतं ती. अडलेला शब्द ते मला विचारत होते. एवढ्या वर्षांत मला कोणी असा शब्द विचारला नव्हता. माझे डोळे भरून आले, फळा पुसण्याच्या निमित्ताने तिकडे वळलो.

निकाल लागायच्या आत अंधार पडला, म्हणून नसाब अर्धीच राहिली.

३ डिसेंबर, बुधवार

घात झाला. सभागृहाला कुलूप. पोरं बाहेर पायरीवर बसलेली. नायक हरिसिंग यांचा निरोप होता: सरांनी येऊन भेटावं. तांड्यात नसाब बसली आणि नायकाला निमंत्रण नाही. वर एका पोराने नायकाचा दुपट्टा बांधला.

नसाब ही किती मोठी चीज आहे हे मला ठाऊकच नव्हतं. मी तिला नाटक समजलो. इथे ती मंदिराइतकी गंभीर गोष्ट. सुनीलचा चेहरा पडला होता, त्याच्या बापाने त्याला चांगलंच झापलं म्हणे.

"नायकाले सांगतलं कोनं?" मी विचारलं.

"रुपीबाईनं. सकाळी उठल्याबरोबर गेलती," सुनील म्हणाला.

म्हातारीचा असा संताप आला. रोज सूप घेऊन बसते, माझ्याकडे बघून हसते, आणि मागून हे. जमनीला म्हणालो, तुझ्या आजीने वर्ग बंद पाडला. ती खाली मान घालून उभी राहिली. नंतर वाटलं, बिचारीला उगाच बोललो.

५ डिसेंबर, शुक्रवार

नायकाकडे जाऊन आलो. भीतीने दुपारी जेवणही गेलं नाही.

हरिसिंग सत्तरीचे असतील. पांढरं धोतर, कानात बाळी, बाजेवर बसून कापसाचा भाव मोबाईलवर ऐकत होते. मी "नायकसाहेब, माफ करा" म्हणून सुरुवात केली. त्यांनी हाताने थांबवलं.

"केस काय होती?"

मी सांगितली. नदी, होडी, गिरणीवाला, सगळं. ते मध्ये मध्ये विचारत होते. गिरणीवाला बिजवर होता का. पोरीची आई हाये का. नदी रुंद म्हणजे आपल्या पैनगंगेएवढी का. यातलं निम्मं मला माहीत नव्हतं, आणि गेली तीन वर्षं मी हा धडा शिकवतोय.

"हा थॉमस कोन्या गावचा?"

"नायकसाहेब, ही गोष्ट आहे. तो खरा माणूस नाही."

"थे समजलं मले. येडा नाई मी. पन नसाब त खरीच बसली ना? अर्धी सुटलेली नसाब तांड्यात ठेवता येत नाई. येत्या ऐतवारी मी मुंबईले चाल्लो. त्याच्या पुढच्या ऐतवारी बसू. दोन्ही बाजूनं पोट्ट्यायले तयार करा. निकाल मी देईन."

कुलपाची चावी बाजेखालून काढून माझ्या हातात ठेवली. सुटलो एकदाचा. घरी येऊन जेवलो आणि पुन्हा जेवलो.

१४ डिसेंबर, रविवार

आज होडीवाल्याची नसाब झाली. सगळं लिहून ठेवतो, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

मंदिरासमोर लिंबाखाली सतरंज्या. एका बाजूला पुरुष, एका बाजूला बाया. ऊसतोडीला न गेलेला सगळा तांडा होता. मध्ये नायक, शेजारी कारभारी आणि दोन पंच. धावजी पुढेच बसला होता, त्याची मुलगी बोलणार म्हणून ताठ. मी धडा आधी इंग्रजीत वाचला, मग मराठीत सांगितला. मार्था होडी घेऊन निघते तिथे बायांमधून कोणीतरी "जाय माय" म्हणालं.

आधी सुनील मार्थाच्या बाजूने बोलला, बरा बोलला. मग जमनी उठली, आणि थॉमसच्या बाजूने उठली. मी चकितच झालो. आम्ही तयारी केली तेव्हा ती मार्थाकडे होती. काल तिने फुलचंदशी बाजू बदलून घेतली म्हणे.

"शब्द म्हनजे शब्द," ती म्हणाली. "बापानं हात मिळवला, मंग पोरीले काय इचाराचं?"

नायक म्हणाले, "हात मिळवला तवा कोन कोन होतं? पुस्तकात पाह्य."

तिने पान उलटलं. "थॉमस अन् गिरणीवाला. दोघंच, काका."

"नायक?"

"नाई."

"गूळ?"

"नाई काका. पन हात त मिळवला."

"हात त बैल इकताना बी मिळवते मानूस."

बायांत खसखस पिकली. जमनी हटली नाही. म्हणाली, "पन बापाची इज्जत जाईन त्याचं काय?"

"बापानं आधी पोरीले इचारलं असतं त इज्जतीचा सवालच आला नसता," नायक म्हणाले. आता ते चांगलेच तापले होते.

ती तरी थांबेना. "अन् तिच्या शिकन्याचं काय एवढं? थे लगनानंतर बी होते. कोन नाई म्हनते?"

नायक बायांकडे वळले. "होते का? ज्यायचं झालं त्यायनं हात वर करा."

एकही हात वर झाला नाही. राखी तिथेच होती, दोन वर्षांपूर्वी माझ्या वर्गात होती, अक्षर मोत्यासारखं. ती मांडीवरच्या बाळाचं टोपडं नीट करत राहिली. माझ्याच्याने तिकडे बघवेना.

मग नायकांनी निकाल दिला. थॉमसचा शब्द कच्चा. गूळ वाटला नाही म्हणून बापाला दंड नाही. पोरगी दोषी नाही. तिने शाळा पुरी करावी, मग नायकाने तिला चार लोकांत विचारावं, आणि ती बोलेल ते बापाने ऐकावं. आणि होडी तेवढी परत पाठवावी, कारण होडी बापाची आहे.

"मान्य हाये का?" कारभाऱ्यांनी विचारलं. सगळे मान्य म्हणाले. धावजीही म्हणाला, जमिनीकडे बघत.

माझं मन मात्र जमनीवर नाराज आहे. एवढी हुशार मुलगी, स्वतः त्याच अवस्थेत, आणि मार्थाबद्दल तिला काहीच वाटू नये? बोलली फार जोरात, पण मुद्दे कच्चे. प्रत्येक मुद्द्यावर नायकांनी तिला पाडलं. सभा संपल्यावर समजूत घालायला गेलो, म्हटलं हरलीस तरी हरकत नाही. ती हसत होती. म्हणाली, "हो सर, हरली."

हल्लीच्या पोरांना हरण्याचंही काही वाटत नाही.

२६ डिसेंबर, शुक्रवार

वर्ग भरतोय. इनडायरेक्ट स्पीच घेतलं, नसाबीतली वाक्यं घेऊन. नायकांनी विचारलं की गूळ वाटला होता का. सगळ्यांना जमलं. रुपीबाईशी मी अजून बोलत नाही. ती मात्र आज माझ्यासाठी तुरीच्या शेंगा उकडून घेऊन आली. खाल्ल्या.

१२ जानेवारी, सोमवार

नवीन डायरी, त्याच कृषी केंद्राची. आठवडाभर हातात पेन धरवत नव्हतं, कारण रविवारी, म्हणजे काल, जमनीचा गूळ ठरलेला होता. पाहुणे येणार हे माहीत होतं. मी कोण तिथे जाणारा? दिवसभर खोलीत पडून होतो आणि तिचा निबंध आठवत होता. आज वर्गावर गेलो तेव्हा पुढची रांग रिकामी दिसेल असं धरूनच चाललो होतो.

जमनी पुढच्या रांगेत बसलेली. नेहमीसारखी, टोपण दातात.

सुनीलने सगळं सांगितलं. पाहुणे आले, बसले, नायक आले. गुळाचं ताट मध्ये ठेवलं. नायक ताटाला हात लावणार, तेवढ्यात जमनी पाण्याचे पेले घेऊन बाहेर आली. डोक्यावर पदर, आवाज अगदी हळू. म्हणाली, "काका, थॉमसच्या केसचा निकाल आपल्या तांड्यात लागू हाये, का फक्त तिकडच्या लोकायले?"

नायकांनी हात मागे घेतला. धावजीकडे बघितलं. म्हणाले, "तू बी मान्य म्हनला होता ना?"

धावजी म्हणाला, "म्हनलो होतो." आणि गुळाच्या ताटावर स्वतःच्याच हाताने दुपट्टा टाकला.

पाहुणे आधी चिडले. हा थॉमस कोण, आमच्या सोयरिकीत त्याचं काय काम. मग नायकांनी त्यांना अख्खी केस सांगितली, नदीपासून. ऐकता ऐकता तो इंद्रजीत त्याच्या बापाला म्हणाला, "बापू, पेपर होऊ द्या ना तिचे. मी बी बारावीत इंग्रजीतच नापास झालो होतो." झालं. नायक म्हणाले, शब्द मोडला नाही, तो कच्चा आहे. निकाल लागला की पोरीला विचारू. पाहुणे जेवून गेले.

मला इतकं हलकं वाटलं की फळ्यावर तारखेच्या जागी माझंच नाव लिहिलं. पोरांना वाटलं सरांची तब्येत बिघडली. योगायोग तरी कसा म्हणावा. त्या दिवशी ही पोरगी थॉमसकडून भांडली, हरली, आणि तोच हरलेला निकाल नेमका तिच्याच कामी आला. नशीब लागतं.

१० फेब्रुवारी, मंगळवार

इंग्रजीचा पेपर झाला. मी केंद्राबाहेर चहाच्या टपरीवर उभा. पोरं हसत बाहेर आली आणि माझा जीव खालीवर होऊ लागला, कारण ती नको इतकी हसत होती.

"सर, होडीवाला आला," सुनील म्हणाला. "बापाचा निर्णय योग्य का अयोग्य. सगळ्यायनं मस्त लिहिलं."

"काय लिहिलं?"

"का गूळ वाटला नव्हता म्हनून."

सगळ्यांनी हेच लिहिलंय. एकजात. नायक नव्हता, पंच नव्हते, गूळ नव्हता, म्हणून शब्द कच्चा. फुलचंदने तर होडी परत पाठवावी हेसुद्धा लिहिलं. जमनीला विचारलं, तू गाईडमधलं लिहिलंस ना? ती म्हणाली, नाही सर, खरं ते लिहिलं.

पेपर कुठल्या जिल्ह्यात तपासायला जाणार कोण जाणे. तिथला तपासनीस गूळ हा शब्द वाचेल आणि लाल रेघ मारेल. सामूहिक कॉपी समजला तर सगळेच बाद. मी कपाळाला हात लावून टपरीवर बसलो आणि टपरीवाल्याने न मागता दुसरा चहा दिला.

२० मार्च, शुक्रवार

रोज तेच डोक्यात. एका जुन्या मास्तरांना फोन करून विचारलं, उत्तर गाईडपेक्षा वेगळं असलं तर? ते म्हणाले, कारण पटलं तर गुण देतात. मी विचारलं, कारण गुळाचं असलं तर? ते म्हणाले, रजत, झोप नीट घेत जा.

बाबांना विचारलं, यंदा तुरीला मजूर लागतील का. म्हणाले, "तू येऊन राह्यला असशीन त एक कमी लागन."

५ मे, मंगळवार

निकाल लागला.

फुलचंद सोडून सगळे पास, आणि फुलचंदही इंग्रजीत पास आहे, गणिताने त्याला धरला. जमनीला इंग्रजीत अठ्ठ्याहत्तर. प्राचार्यांनी स्वतः फोन केला आणि जूनमध्ये या म्हणाले. म्हणजे कोणीतरी, कुठल्यातरी गावी, गुळाचं ते उत्तर वाचलं आणि त्याला ते पटलं. त्या माणसाला मी ओळखत नाही, पण त्याचं भलं होवो.

संध्याकाळी तांड्यावर गेलो. लिंबाखाली सगळे जमलेले. धावजी ताट घेऊन आला, ताटात गूळ. माझा हात पुढे गेला आणि मध्येच थांबला.

"हा कशाचा गूळ?"

सगळे हसले. "पास झाल्याचा," जमनी म्हणाली. "इचारून खाल्लेला बरा, सर."

रुपीबाई शेजारीच होती. आज आनंदाचा दिवस, म्हटलं मनातलं काढून टाकावं. विचारलं, "आजी, त्या दिवशी नायकाला जाऊन काहून सांगितलं? माझा वर्ग बंद झाला असता."

"मले कायले इचारता," म्हातारी म्हणाली. "जिनं सांगाले लावलं तिले इचारा."

जमनी पायाच्या अंगठ्याने माती उकरत होती.

मी तिच्याकडे बघत राहिलो. नसाब बसवू या हे तिने सुचवलं. आजीला तिने पाठवलं. आणि मी तिला मुद्दे कच्चे म्हणालो होतो. "मग थॉमसकडून काहून बोललीस?" एवढंच मला विचारता आलं.

"मार्थाकडून बोलली असती त बापू उठून गेले असते, सर. थॉमसकडून बोलली म्हनून बसले."

धावजी हे ऐकत उभा होता. मला वाटलं आता रागावेल. त्याने ताट दुसऱ्या हातात घेतलं. म्हणाला, "सर, त्या थॉमसले कोनीच सांगतलं नाई का, का एकडाव पोरीले इचारून पाह्य?"

"नाही. धड्यात तसं कोणी नाही."

"मले सांगतलं," तो म्हणाला. "म्हनून माही पोरगी याच काठावर हाये."

तेवढ्यात नायकांनी घसा साफ केला. निकालाप्रमाणे त्यांचं काम बाकी होतं. इंद्रजीतच्या घरून सकाळीच फोन येऊन गेला होता. चार लोकांत त्यांनी विचारलं, "जमनी, बोल आता. त्यायले काय सांगू?"

"यवतमाळचं नर्सिंग कॉलेज पाहून येऊ द्या, काका," ती म्हणाली. "मंग इचारा."

नायकांनी धावजीकडे बघितलं. धावजी म्हणाला, "मान्य." या वेळी तो जमिनीकडे बघत नव्हता.

गुळाचा खडा अजून माझ्या हातातच होता, चिकट झालेला. मी नायकांकडे बघितलं, त्यांनी मान हलवली, आणि मग मी तो खाल्ला.